कारणे अण्णा

आमच्या बँकेत 'नेट बंद पडलंय' असं अण्णांना फोनवर सांगायची सोय नाही. एखाद्या नव्या शाखाधिकाऱ्यानं ते धाडस केलंच, तर पुढची पाच मिनिटं त्याची उलटतपासणी चालते. नेट म्हणजे काय? बंद म्हणजे नेमकं काय? कुठनं कुठं जाईना झालंय? एकाच मशीनवर का सगळ्या? आणि शेवटी, आवाज एकदम मऊ करून, "आणि काय बदललं?" शाखाधिकारी म्हणतो, काहीच बदललं नाही. अण्णा "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्या 'बरं'चा अर्थ 'खोटं बोलालाईस' असा आहे, हे कळायला माणसाला बँकेत दोन-तीन वर्षं काढावी लागतात.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे. पण माघारी सगळे त्यांना 'कारणे' म्हणतात, आणि हे आडनाव इतकं खपून गेलंय की एका नव्या क्लार्कनं रजेचा अर्ज 'मा. कारणे साहेब, नेटवर्क विभाग' असा लिहून पाठवला. अण्णांनी मायना तसाच राहू दिला. 'रजेचे कारण: घरगुती' याखाली मात्र लाल शाईनं रेघ मारून 'म्हणजे काय?' असं विचारलं.

वस्तू चालू झाली की बहुतेकांचं समाधान होतं. अण्णांची अस्वस्थता तिथून सुरू होते. त्यांचा सिद्धांत असा की कुठलीही गोष्ट आपोआप बंद पडत नाही, म्हणून ती आपोआप सुरू झाली तर जास्त घाबरावं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी खांदा मोकळा झाला, आणि पाचव्या दिवशी अण्णा परत दवाखान्यात हजर. डॉक्टर म्हणाले, आता काय होतंय? अण्णा म्हणाले, काही नाही, राहिलंय. डॉक्टर म्हणाले, मग? अण्णा म्हणाले, तेच विचारायला आलोय, का राहिलं? आणि मुळात धरला कशानं होता? बाहेर पेशंटांची रांग, आत हे बसलेले. शेवटी डॉक्टरांनी फी परत द्यायची तयारी दाखवली.

माझं टेबल हिशेब विभागात, पण सर्व्हर रूमच्या काचेला लागून. त्यामुळे अण्णांचा सगळा संसार मला बसल्या जागी दिसतो. त्यात पहिली वस्तू म्हणजे निळी, चपटी कन्सोल केबल. राउटरच्या पाठीत ही खुपसली की नेटवर्क गेलेलं असलं तरी राउटरशी थेट बोलता येतं. ती ते कुणाला देत नाहीत. सख्ख्या भाच्यालाही दिली नव्हती. दुसरी वस्तू, ती केबल लावायला लागणारा जुना लॅपटॉप. त्याला नऊ टाचण्यांचा सीरियल पोर्ट आहे, आणि नव्या लॅपटॉपना तो नसतो, म्हणून अण्णांनी आजवर तीन नवे लॅपटॉप नाकारलेत. बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे तो भिंतीला बांधूनच चालतो. सगळं जग गिगाबिटात बोलतं. अण्णा राउटरशी अजून नऊ हजार सहाशेच्या वेगानं, सावकाश, अक्षर अक्षर वाचत बोलतात.

तिसरी वस्तू, वही. स्टेशनरी विभागातून आणलेलं जाडजूड लेजर, त्यात हातानं आखलेले रकाने: तारीख, शाखा, लक्षण, काय बदललं, कुणी. शेवटचा रकाना 'कबुली केव्हा'. त्यात 'दुपारी १२.४०, चहानंतर' किंवा 'तिसऱ्या दिवशी, फोनवर, रडवेल्या आवाजात' अशा नोंदी असतात. ऑडिटला आलेल्या एका साहेबांनी ही वही चाळली आणि नंतर बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

आता या माणसाचं काम काय, ते थोडं सांगायला हवं. आमचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात, आणि शाखा हुपरीपासून चंदगडपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक शाखेत एक राउटर. कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं पाठवायचं हे ते राउटर आपापसात बोलून ठरवतात, आणि त्या बोलण्याचा जो कायदा त्याला ओएसपीएफ म्हणतात. प्रत्येक राउटर फक्त आपल्या हद्दीतलं खरं सांगतो: माझ्याकडं अमुक तारा आहेत, अमुक शेजारी आहेत. हे सगळ्यांचं सगळ्यांना कळतं, सगळ्यांच्या हातात एकच नकाशा येतो, त्याला डेटाबेस म्हणतात, आणि मग जो तो आपल्या जागेवरून जवळची वाट स्वतः काढतो. अण्णांना या पद्धतीचं फार कौतुक. यात ऐकीव गोष्टीवर कुणी चालत नाही, असं ते म्हणतात, आणि म्हणताना ते काचेतून कर्ज विभागाकडं बघतात.

ही वाट काढायची रीत एट्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसाची. १९५६ साली होणाऱ्या बायकोबरोबर तो ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता, दमून दोघं कॉफी प्यायला बसली, आणि कागद-पेन्सिल काही जवळ नसताना वीसेक मिनिटांत त्याला ही रीत सुचली. १९५९ साली ती छापून आली तेव्हा अख्खा लेख तीन पानांत संपला. हा किस्सा अण्णा प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतात. एकदा घरी वहिनींनाही सांगितला. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीपण एकदा माझ्याबरोबर महाद्वार रोडला चला. सुचलं तर सुचलं."

ओएसपीएफचा मूळ ग्रंथ, म्हणजे जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८ मध्ये लिहिलेला २३२८ क्रमांकाचा आरएफसी, अण्णांनी २४४ पानं छापून, स्पायरल बायंडिंग करून ठेवलाय. तो टेबलावर उघडा असतो. समासात त्यांच्या बारीक अक्षरात शंका आहेत, आणि काही शंकांपुढे 'फिटली' असं लिहून तारीख घातलेली आहे.

शाखा वाढल्या की नकाशा वाढतो, म्हणून जाळ्याचे भाग पाडतात, त्यांना एरिया म्हणतात. मधला एरिया शून्य, आणि बाकी सगळ्यांनी त्याला चिकटून राहायचं. सीमेवर जो राउटर दोन्हीकडं पाय ठेवून उभा असतो तो एबीआर. आमचा गडहिंग्लजचा राउटर हा असा सीमेवरचा. त्याच्या पलीकडं आजरा, चंदगड आणि आसपासच्या शाखा, तो एरिया तीन. आणि हे समजावताना कुणी मध्येच, "म्हणजे पोस्टमनसारखं का अण्णा?" असं विचारलं की अण्णांचा चेहरा बदलतो. "राउटर पोस्टमनसारखा नसतो," ते म्हणतात. "राउटर राउटरसारखा असतो. पुढं ऐक." उपमा दिली की माणसाला उपमाच आठवते, मुद्दा राहतो बाजूला, असा त्यांचा अनुभव. तो किती खरा, हे पुढं आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

अण्णांचा जीव खरा अडकलाय तो डिफॉल्ट राउटमध्ये. शून्य, शून्य, शून्य, शून्य, स्लॅश शून्य. ज्या पत्त्याची वाट राउटरच्या टेबलात कुठंच लिहिलेली नाही, त्यानं या वाटेनं जावं. कोअर बँकिंगच्या सर्व्हरची वाट प्रत्येक शाखेत स्वतंत्र लिहिलेली असते. पण ईमेल, इन्कम टॅक्सचं पोर्टल, अँटिव्हायरसचे अपडेट, हे सगळं बाहेरचं जग या एका डिफॉल्टवर, कोल्हापूरच्या फायरवॉलमधून चालतं. त्यामुळे डिफॉल्ट गेला की मोठी मौज होते. कॅशियर सांगतो सगळं चालू आहे, शाखाधिकारी सांगतो सगळं बंद आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. अण्णा फोनवर एवढंच विचारतात: "पैसे काढणं-भरणं चालतंय? मेल नाही? मग डिफॉल्ट गेलाय. नेबर फुल आहे का बघा." चंदगडचे शाखाधिकारी या प्रश्नाला, "छे, आज गर्दीच नाही," असं उत्तर देत. फुल म्हणजे शेजारच्या राउटरशी पूर्ण जुळलेलं असणं, हे त्यांना निवृत्तीपर्यंत कळलं नाही.

डिफॉल्ट न पोचण्याची कारणं अण्णांना पाठ आहेत आणि प्रत्येकावर त्यांचा वेगळा राग आहे. कोल्हापूरच्या राउटरवर डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट असं लिहिलं की तो सगळ्यांना डिफॉल्ट वाटतो, पण स्वतःच्या टेबलात असेल तरच. स्वतःकडचा गेला की मुकाट्यानं सांगणं थांबवतो. हे वागणं अण्णांना फार आवडतं. "असा एक माणूस संचालक मंडळात दाखव," म्हणतात. पण त्यापुढं ऑलवेज हा शब्द जोडला की राउटर स्वतःकडं काही नसतानाही वाटत सुटतो. मागं एका हुशार माणसानं तो जोडला होता. फायरवॉलची तार तुटली, आणि तरीही सगळ्या शाखा आपापली पाकिटं इमानानं कोल्हापूरला पाठवत राहिल्या आणि कोल्हापूर ती टाकून देत राहिलं. शाखांच्या राउटरांना सगळं उत्तम दिसत होतं. अशा वेळेसाठी ठेवलेली बॅकअप लाइन त्या दिवशी कुणी वापरलीच नाही. "आपल्याकडं न्हाई आणि वाटायला निघालाय!" हे वाक्य अण्णा अजून अधूनमधून म्हणतात, राउटरांखेरीज इतरांबद्दलही.

मुलाखतीत त्यांचा प्रश्न एकच असतो. राउटरवर डिफॉल्टचा स्टॅटिक राउट आहे, ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक लिहिलंय, बाकीचे स्टॅटिक शाखेत पोचले, डिफॉल्ट मात्र पोचेना. का? उत्तर सोपं आहे: सिस्कोच्या राउटरवर त्या आज्ञेनं डिफॉल्ट जातच नाही, त्याला वेगळं सांगावं लागतं. पण उत्तर येतं का, हे अण्णा बघतच नाहीत. "आधी राउटर रीलोड करून बघतो सर," असं जो म्हणाला त्याला चहा पाजून परत पाठवतात. निपाणीची एक मुलगी आली होती. ती म्हणाली, "कारण मला माहीत नाही. पण आधी शाखेच्या डेटाबेसमध्ये आलाय का बघीन. आलाय आणि टेबलात नाही, तर भानगड शाखेत. आलाच नाही, तर मागं जाईन." अण्णांनी वही मिटली. तिला त्याच दिवशी घेतली. तिला ते 'बाळ' म्हणतात, आणि माझ्या माहितीत त्या निळ्या केबलला हात लावायची परवानगी असलेली ती एकटीच.

तर, तो सोमवार. सकाळी सव्वादहापासून एरिया तीनच्या शाखांचे फोन सुरू झाले. काउंटर चालू, मेल बंद. अण्णांनी आजऱ्याचा राउटर उघडला. टेबलाच्या डोक्यावर ती प्रसिद्ध ओळ होती: गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट. मी काचेतून बघत होतो. एवढं प्रसन्न मी त्यांना पगाराच्या दिवशीही पाहिलेलं नाही. नेबर फुल. बाकीच्या वाटा जागच्या जागी. फक्त शून्य-शून्य नाही. बाळनं डेटाबेस काढला, तिथंही नाही. म्हणजे आजऱ्यापर्यंत आलाच नाही. गडहिंग्लजला बघितलं, तर तिथं डिफॉल्ट ठणठणीत. म्हणजे सीमेवरच्या राउटरकडं आहे, आणि तो आत देत नाही.

एवढ्यात एटीएमचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ठेकेदाराचा इंजिनिअर दुसऱ्याच कामासाठी वर आला. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"शनिवारी-रविवारी काय केलंत का?"

"नाही सर, आम्ही काहीच बदललं नाही."

"बरं."

आणि मग अण्णांनी जे केलं ते मी जवळून बघितलं, म्हणून सांगतो. राउटरांनी एकमेकांना दिलेल्या प्रत्येक निवेदनावर, त्याला एलएसए म्हणतात, एक क्रमांक असतो. पहिल्यांदा निघतं तेव्हा आठ, त्यापुढं सहा शून्यं, आणि एक. काही बदललं नाही तरी दर अर्ध्या तासानं राउटर तेच पुन्हा सांगतो आणि क्रमांक एकानं वाढतो. एरिया तीनच्या डेटाबेसमध्ये टाइप सातचं एक निवेदन होतं, जे तिथं असायलाच नको होतं. त्याच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ४१. पण हा हिशेब सोळाचा. अण्णांनी वहीच्या कोपऱ्यात मांडलं: चार सोळे चौसष्ट, अधिक एक, पासष्ट. पहिलं वजा, राहिले चौसष्ट. चौसष्ट अर्धे तास, बत्तीस तास. घड्याळात साडेदहा.

"म्हणजे शनिवारी रात्री अडीचला एरिया तीनमध्ये कुणीतरी काहीतरी केलंय," अण्णा छताकडं बघत म्हणाले.

"अडीच कुठं सर," तो मुलगा दुखावल्यासारखा म्हणाला, "सव्वादोनलाच आटपलं होतं आमचं."

अण्णा नुसते मान हलवत राहिले. "असेल, असेल. रिफ्रेश अर्ध्या तासाहून जरा उशिराच होतो," असं म्हणून त्यांनी शेवटचा रकाना भरला: '१०.३४, पाणी पितानाच'. त्या मुलाला आपण काय बोलून गेलो हे जिन्यात कळलं असावं, कारण तो तिथून परत आला आणि सगळं सांगून गेला.

झालं होतं असं. एरिया तीन पूर्वी स्टब होता. स्टबमध्ये बाहेरून आलेल्या वाटा आत घेत नाहीत; त्याबदल्यात सीमेवरचा राउटर आपण होऊन एक डिफॉल्ट आत सोडतो. पण ठेकेदाराला आपल्या एटीएमची एक वाट आजऱ्याकडून ओएसपीएफमध्ये घालायची होती, आणि स्टबमध्ये ते चालत नाही. म्हणून त्यानं एरियाची जात बदलून एनएसएसए केली. नॉट-सो-स्टबी एरिया, खरोखर हेच त्याचं अधिकृत नाव आहे. असल्या एरियात सगळ्या राउटरांना एकच जात सांगावी लागते, नाहीतर नेबर तुटतो; त्यानं रात्री जागून सगळ्यांवर बदल केला, सगळे नेबर फुल झालेले पाहिले, कोअर बँकिंगचं पिंग बघितलं, आणि समाधानानं घरी गेला. एकच गोष्ट राहिली. बाहेरच्या वाटा एनएसएसएसुद्धा आत घेत नाही, पण सिस्कोच्या सीमेवरचा राउटर इथं आपण होऊन डिफॉल्ट सोडत नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं. रविवारी बँक बंद. सोमवारी उजाडलं ते असं.

आता कारण सापडलं, गडहिंग्लजला एक ओळ लिहायची, संपलं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या बँकेत कारण सापडेपर्यंत कुणी थांबत नाही. सरव्यवस्थापकांनी साडेदहालाच दुसऱ्या एका उत्साही पोराला कामाला लावलं होतं. त्यानं एकेका शाखेत जाऊन, म्हणजे इथूनच बसून, प्रत्येक राउटरवर हातानं स्टॅटिक डिफॉल्ट घातला. सव्वाअकराला मेल सुरू. "अण्णा, नाद खुळा! चालू झालं!" म्हणत तो आत आला.

"कसं?"

"झालं की."

"काय घातलंस?"

"स्टॅटिक."

अण्णा खाली बसले. सगळी बँक कामाला लागली होती, आणि हा एकटा माणूस सर्व्हर रूममध्ये सुतक धरून बसला. मग उठले आणि सरव्यवस्थापकांकडं गेले, आणि संध्याकाळी चालू असलेलं सगळं काढून टाकायची परवानगी मागितली. सरव्यवस्थापक म्हणाले, चालू आहे ना? अण्णा म्हणाले, चालू आहे, बरोबर नाही. सरव्यवस्थापक म्हणाले, फरक काय? या प्रश्नाला अण्णांकडं चाळीस मिनिटांचं उत्तर होतं आणि सरव्यवस्थापकांना अकरा चाळीसची मीटिंग होती. प्रकरण चेअरमनसाहेबांकडं गेलं.

मला विचाराल तर अण्णांचं बरोबर होतं, आणि तरीही त्यांच्या शेजारी बसणं हा छळ आहे. स्टॅटिकमध्ये धोका असा: हातानं लिहिलेल्या वाटेला राउटर एक नंबरचा मान देतो, ओएसपीएफच्या वाटेला एकशेदहावा. हातानं लिहिलेली वाट पलीकडं कुणी जिवंत आहे का, हे बघत नाही. आपल्या पोर्टचा दिवा हिरवा आहे एवढं तिला पुरतं. ओएसपीएफ दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतो, चाळीस सेकंद ओ आली नाही तर ती वाट सोडून देतो, आणि मग शाखेची बॅकअपची फोर-जी, अडीचशे नंबरवर दबा धरून बसलेली, पुढं येते. स्टॅटिक घातल्यावर ती येणारच नाही.

हे चेअरमनसाहेबांना सांगायचं होतं. साहेब ऊस आणि दूध यांतले जाणकार. अण्णा 'एलएसए' म्हणाले, साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. अण्णा 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स' म्हणाले, साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला. आणि मग नोकरीत पहिल्यांदाच अण्णांनी उपमा दिली.

"साहेब, कचेरीत पाटी असते बघा. ज्याचं काम कुठल्या खिडकीवर ते कळत न्हाई, त्यानं खिडकी सातवर जावं. आपल्या चंदगड-आजऱ्याकडं ती पाटीच निघून गेली होती. आता या पोरानं भिंतीवर खडूनं लिहिलंय, 'खिडकी सात'. पण उद्या खिडकी बंद झाली तर पाटी काढतील. खडूचं कोण पुसणार?"

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे खिडकी सातचा घोळ हाय व्हय! मग आधीच सांगायचं न्हवं. करा दुरुस्त. पण कॅश मिटल्यावर."

संध्याकाळी बाळनं गडहिंग्लजला ती एक ओळ लिहिली. आजऱ्याच्या डेटाबेसमध्ये लगेच टाइप सातमध्ये शून्य-शून्य आला, पण टेबलात अजून एसच्या पुढं चांदणी, म्हणजे स्टॅटिकच बसलेला. तो हलल्याशिवाय याला जागा नाही. तिनं स्टॅटिक काढला. एसची ओळ गेली आणि तिथं ओ, चांदणी, एन-दोन अशी ओळ येऊन बसली. पिंग एकही चुकलं नाही. अण्णांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, मला काचेतून बोलावून दाखवली, मला काही कळलं नाही, त्यांनी पुन्हा वाचली. बाकीच्या शाखांचे स्टॅटिक त्या उत्साही पोरानं काढायचे ठरलं. त्यानं काढलेही.

चंदगड सोडून. हे जुलैत कळलं. पावसात रस्त्याच्या कामात कुठंतरी फायबर तुटली, ती चंदगडच्या शाखेपासून बऱ्याच अलीकडं, त्यामुळे शाखेतल्या डब्याचा दिवा हिरवाच. कोअर बँकिंगसाठी ओएसपीएफनं चाळीस सेकंदांत हात वर केले. पण डिफॉल्ट हातानं लिहिलेला, तो जागचा हलेना. पाकिटं तुटलेल्या फायबरकडं जात राहिली आणि फोर-जी बाजूला बसून राहिली. शाखेचं सगळंच काम थांबलं. अण्णा निळी केबल आणि भिंतीवाला लॅपटॉप घेऊन धो-धो पावसात एसटीनं चंदगडला गेले, एक ओळ पुसली, फोर-जी सुरू झाली. परत आल्यावर त्यांनी त्या पोराला एवढंच विचारलं, "सगळे काढले होतेस?" तो म्हणाला, हो. "बरं," अण्णा म्हणाले. आठवडाभर तो रकाना रिकामा होता. मग एकदा डबा खाताना भरला.

इथपर्यंत ठीक होतं. पण सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. चंदगडचे एक सभासद उठले, जुने, फेटेवाले, आणि जुलैत दोन दिवस शाखा बंद का होती, असा खडा सवाल त्यांनी टाकला. सरव्यवस्थापक कागद चाळायला लागले. चेअरमनसाहेबांनी त्यांना थांबवलं. हा विषय त्यांना स्वतःला समजलेला होता. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "चंदगडची खिडकी नंबर सात बंद पडली होती. ती आता कायमची दुरुस्त केलेली आहे."

फेटेवाले खाली बसेनात. "साहेब, आमच्या शाखेत खिडक्या चारच हायत. तुम्ही सातवी कुठनं दुरुस्त केली?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी, हुपरीला सहा आहेत आणि चंदगडला चार हा अन्याय आहे, असं ओरडलं. आजऱ्याचे सभासद आपल्याकडच्या मोजायला लागले. मागच्या रांगेत अण्णा उभे राहिले होते, हात वर करून, "तसं नाही ते, ती उपमा—" असं काहीतरी म्हणत होते, पण माईक त्यांच्याकडं पोचला नाही. पाच मिनिटांत ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

चंदगडला दिवाळीआधी पाचवी खिडकी झाली. ठरावात लिहिल्याप्रमाणे तिच्यावर ७ असा आकडा घातलाय. पासबुक छापायचं मशीन तिथं ठेवलंय, आणि चौथ्या खिडकीनंतर एकदम सातवी कशी, असं कुणी विचारलं तर तिथला क्लार्क त्याला अण्णांचा फोन नंबर देतो.